कष्टाचे चीज

परदेशी राहणाऱ्या सुनेने सासू-सासऱ्यांकडे काय मागावे, याचे आपल्याकडे काही संकेत ठरून गेले आहेत. मेतकूट, गोडा मसाला, लोणचे, फार तर एखादी पैठणी. २०२४ च्या दिवाळीआधी आम्ही मुलाकडे जायला निघालो तेव्हा आमच्या सूनबाईचे पत्र आले, त्यात एवढीच मागणी होती : "बाबा, दोन किलो काजू आणा. अख्खे नकोत. तुकडा आणा." त्यातला 'तुकडा' हा शब्द तिने चिरंजीवांकडून गिरवून घेऊन देवनागरीत लिहिला होता. 'ड'ची शेपटी जरा जास्तच वळली होती. पण शब्द बिनचूक होता.

मी मूळचा वेंगुर्ल्याचा. आमच्या गावी काजूच्या गराच्या तीन जाती मानतात : अख्खा, पाकळी आणि तुकडा. माणसांच्या जाती असतात तशाच त्याही जन्माने नव्हे, तर फुटण्याने ठरतात. अख्खा गर बोटीत आणि विमानात बसतो, पाकळी हलवायाकडे जाते आणि तुकडा घरी राहतो. फ्रान्सला निघालेला तुकडा मी त्या दिवशी प्रथमच पाहत होतो. दुकानदार वजन करता करता म्हणाला, "गुरुजी, बाहेरगावी न्यायला अख्खा घ्या. तुकडा काय नेताय? लाज जाईल." मी म्हटले, "अरे, त्याचं तिकडे चीज होणार आहे." त्याला तो माझा विनोद वाटला. मी मात्र निव्वळ वस्तुस्थिती सांगितली होती.

कारण आमची सूनबाई काजूचे चीज करते.

आता हे जरा मुळापासून सांगायला हवे. आमचे चिरंजीव फ्रान्सच्या उत्तरेला नॉर्मंडी नावाचा प्रांत आहे, तिथल्या रुआँ शहरी नोकरी करतात. सीन नदीच्या काठचे हे जुने गाव. सूनबाई त्याच प्रांतातली, पेई दोज या भागातल्या एका खेड्यातली. हिरवी कुरणे, सफरचंदांच्या बागा आणि डोळ्यांभोवती तपकिरी वर्तुळे असलेल्या, चष्मा लावल्यासारख्या दिसणाऱ्या गायी, असा तो मुलूख. याच मुलखात कामांबेर नावाचे लहानसे गाव आहे आणि त्या गावाच्या नावाचे चीज जगभर जाते. सूनबाईचे वडील, म्हणजे आमचे व्याही, तिथले गवळी. आजोबा गवळी, पणजोबा गवळी. पहाटे पाचला उठायचे, गायी पिळायच्या आणि दूध कामांबेर करणाऱ्याला घालायचे. अशा घरातल्या मुलीने बिनदुधाचे चीज करावे म्हणजे कीर्तनकाराच्या मुलाने तमाशाचा फड काढण्यापैकीच झाले. व्याहीबुवा तिच्याशी बोलत. पण तिच्या धंद्याविषयी एक अक्षर बोलत नसत. तिने केलेली वस्तू त्यांच्या टेबलावर आजवर आलेली नव्हती.

या भांडणाचे मूळ मात्र आमच्या घरात होते, हे मला फार उशिरा कळले.

२०१६ साली आम्ही उभयता पहिल्यांदा फ्रान्सला गेलो. माझी पत्नी माळकऱ्याची लेक. अंडे घातलेला केकसुद्धा ओळखून बाजूला सारणारी. पण दूध म्हटले की तिला कसली शंका नाही. आपल्याकडच्या चीजच्या डब्यावर हिरवा ठिपका असतो, तो पाहून ती निर्धास्त झालेली. व्याह्यांच्या घरी तिने कामांबेर खाल्ले. वासाला नाक मुरडले, पण चवीला मान डोलावली. चार दिवस रोज खाल्ले. पाचव्या दिवशी व्याहीबुवांनी मोठ्या अभिमानाने आम्हांला त्यांच्या मित्राच्या चीजघरात नेले. तिथे कोमट दुधात एक पातळसा रस घातला आणि बघता बघता दुधाची खरवसासारखी वडी जमली. हिने कौतुकाने विचारले, "हे कसलं विरजण?" चिरंजीवांनी भाषांतर केले. उत्तर आले, दूधपित्या वासराच्या चौथ्या जठरातून काढलेला रस.

चिरंजीवांनी ते उत्तर भाषांतरित करायला जरा वेळ लावला, त्यावरूनच तिला काय समजायचे ते समजले. ती काही बोलली नाही. त्या रात्री तिने अंघोळ केली, गळ्यातली माळ हातात घेऊन बसून राहिली आणि जेवली नाही. कुणाचा दोष नव्हता. आम्ही विचारले नव्हते आणि त्यांना सांगायचे सुचले नव्हते. त्यांच्या लेखी ते मिठाइतके साधे होते. पण सूनबाईने दाराच्या फटीतून सासूला तशी बसलेली पाहिले होते.

ती स्वतः गोठ्यात वाढलेली. गाय दूध देते ती वासरू झाले म्हणून. आणि धंद्याचे दूध हवे तर बहुतेक गोठ्यांत वासरू एकदोन दिवसांतच आईपासून वेगळे करतात. कालवड असली तर गोठ्यात राहते, खोंड असला तर बहुधा मांसासाठी विकला जातो. रात्रभर हंबरणारी गाय तिने लहानपणी ऐकलेली होती. मोठी माणसे म्हणत, दोन दिवसांत विसरते. "गाय विसरायची," ती मला एकदा म्हणाली, "मी नाही विसरले." त्या रात्री सासूची मूक बैठक पाहून तिच्या मनात कुठे तरी गाठ पक्की बसली. पुढच्या वर्षी तिने स्वयंपाकघरात पहिला काजू भिजत घातला.

पहिला प्रयोग कसा झाला याचे चिरंजीवांनी फोनवर केलेले वर्णन असे : "बाबा, खिडकीच्या काचेला सुतार लांबी लावतो ना, तशी चव आहे." दुसरा कडू झाला. तिसऱ्यावर काळी बुरशी आली. हे असे का होते, हे मी गेल्या खेपेस तिच्या शेजारी स्टुलावर बसून समजावून घेतले, आणि मास्तरकीची सवय म्हणून वाचकांनाही सांगतो.

दुधात केसीन नावाचे प्रथिन असते. त्याचे अतिसूक्ष्म गोळे दुधात तरंगत असतात आणि ते एकमेकांना चिकटू नयेत म्हणून त्यांच्या अंगावर जणू लव असते. वासराच्या जठरातला तो रस ही लव कापून टाकतो. मग गोळे एकमेकांना बिलगतात, त्यांचे जाळे विणले जाते आणि त्या जाळ्यात दुधाची चरबी अडकून बसते. चीज म्हणजे हे जाळे. काजूत चरबी भरपूर, पण केसीनचा पत्ता नाही. म्हणजे मासळी आहे पण जाळे नाही. म्हणून काजूचे चीज तापवले तर त्याची तार निघत नाही. लोण्यासारखे मऊ होईल, पण ओढले की तुटेल.

मग काय करायचे? काजू रात्रभर भिजवायचे, गंधासारखे बारीक वाटायचे, त्याला आंबवणाऱ्या जिवाणूंचे विरजण लावायचे आणि उबेला ठेवायचे. दुसऱ्या दिवशी आपण चक्का बांधतो तसे फडक्यात बांधून निथळायचे. मग गोल साच्यात घालायचे, मीठ लावायचे; आणि हे सर्व करताना त्यात कामांबेरच्या अंगावर असते तीच पांढरी बुरशी सोडायची. बुरशी मोठी समदर्शी आहे. तिला दूध आणि काजू यांत भेद दिसत नाही. मग बाराएक अंश तपमानाच्या दमट कपाटात ते गोळे फळीवर मांडायचे आणि रोज एकदा उलटायचे. रोज म्हणजे रोज. आठवडाभराने त्यांच्यावर पांढरी मखमल दिसू लागते. आणखी दोन आठवडे गेले की आतला गर मऊ होतो आणि पावसाळ्यात रानात येणाऱ्या अळंब्यांसारखा वास सुटतो. सूनबाई रात्री झोपण्यापूर्वी कपाट उघडून एकेक गोळा उलटायची, तेव्हा मला तान्ह्या मुलाची कूस बदलणाऱ्या बाईची आठवण होई.

शनिवारच्या बाजारात तिचे लहानसे दुकान लागते. तिथे मी बसलो असताना माझ्या ध्यानात आले की वेष्टणावर कुठेही 'फ्रोमाज', म्हणजे चीज, हा शब्द नाही. 'वनस्पतिजन्य पदार्थ' असे कोरडे, सरकारी नाव आहे. कारण विचारले तर कळले की कायदाच तसा आहे. १४ जून २०१७ रोजी युरोपीय न्यायालयाने निकाल दिला की दूध, लोणी, चीज ही नावे जनावराच्या दुधापासून झालेल्या वस्तूंनाच लावता येतील. 'सोयाचे' किंवा 'वनस्पतींचे' असे विशेषण जोडले तरी चालणार नाही. जुन्या रूढ नावांना तेवढा अपवाद. फ्रेंच यादीत बदामाचे दूध आहे, नारळाचे दूध आहे. आणि त्याच यादीत 'फ्रोमाज द तेत' आहे. हे काय म्हणून विचारले, तर डुकराचे मुंडके शिजवून त्याचा थिजवलेला गोळा! त्यात दुधाचा थेंब नाही, पण त्याला चीज म्हणायला हरकत नाही.

हे ऐकून आमच्या घरातून जो निषेध झाला तो न्यायालयापर्यंत पोचला असता तर बरे झाले असते. "डुकराच्या मुंडक्याला चीज म्हणायचं आणि माझ्या सुनेच्या काजूला नाही? कुठला हा न्याय?" ही म्हणाली. मी तिची समजूत घालण्यासाठी 'फ्रोमाज' शब्दाची व्युत्पत्ती सांगितली. तो लॅटिन 'फॉर्मा'वरून, म्हणजे साच्यावरून आला आहे. साच्यात घालून आकार दिलेले ते फ्रोमाज. मूळ शब्दात दुधाचा उल्लेखच नाही. ही म्हणाली, "मग तर झालंच!" बायकांना व्युत्पत्ती पटते ती त्यांच्या बाजूची असली तरच, आणि पुरुषांनाही.

दुसऱ्या दिवशी चिरंजीवांनी आम्हांला रुआँचे मोठे देऊळ, म्हणजे कॅथीड्रल, दाखवायला नेले. त्याच्या दक्षिणेच्या उंच मनोऱ्याला 'लोण्याचा मनोरा' म्हणतात. हा मनोरा १४८५ ते १५०६ या काळात बांधला गेला. त्या काळी ख्रिस्ती लोक ईस्टरपूर्वीच्या चाळीस दिवसांच्या व्रतात दूधलोणीसुद्धा वर्ज्य करीत. पण नॉर्मन माणसाला लोण्यावाचून चैन पडेना. तेव्हा देणगी द्यावी आणि लोणी खाण्याची सवलत घ्यावी, अशी सोय निघाली, आणि त्या पैशातून हा मनोरा उभा राहिला, असे सांगतात. ज्यांना सवलत नको होती किंवा परवडत नव्हती, ते काय करीत? मध्ययुगीन फ्रेंच पाकपुस्तकांत उपासाच्या दिवसांसाठी बदाम वाटून काढलेले दूध पानोपानी सापडते.

मी त्या मनोऱ्याखाली उभा राहून मनाशी हसलो. आपल्या एकादशीचीच गोष्ट! भात चालत नाही म्हणून वरीचे तांदूळ. आणि त्याला 'तांदूळ' म्हटल्याबद्दल वरीवर कुणी खटला भरलेला नाही. सोलकढी करताना नारळाचे दूध काढतो तेव्हा माडाला कासंडी लावली असे कुणाला वाटत नाही. एका वस्तूच्या जागी दुसरी आणून बसवणे ही लबाडी नव्हे. मनात काही तरी पाळायचे असते आणि जिभेला काही तरी हवे असते; त्या दोघांच्या भांडणात स्वयंपाकघराने केलेली ती तडजोड असते.

इतके सगळे मला पटले होते. पण एक गोष्ट घशाखाली उतरत नव्हती. सूनबाईच्या वेष्टणावर तळाशी बारीक अक्षरात एक ओळ होती. चिरंजीवांनी तिचा अर्थ सांगितला : 'यासाठी कोणत्याही जिवाला दुखवलेले नाही.'

माझी आई काजूच्या कारखान्यात बिया फोडीत असे.

काजूचे झाड मूळ ब्राझीलचे. पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकात ते आपल्या किनाऱ्यावर आणले आणि कोकणच्या कातळाने ते आपले मानले. गर गोड, पण त्याच्या टरफलात तेल असते ते बिब्ब्याच्या जातीचे. काजू आणि बिब्बा एकाच कुळातले. बी भाजून, मोगरीने ठोकून फोडायची. ठोका कमी पडला तर टरफल फुटत नाही, जास्त पडला तर गर फुटतो. हाताला राख फासायची, तरी तेल लागायचेच. आईच्या दोन्ही हातांची बोटे काळी पडलेली असत आणि टोकांची कातडी सोलवटून निघे. मजुरी गराच्या वजनावर. आणि तुकडा फार झाला की मुकादमाची बोलणी. रात्री ती भाकरी थापायची तेव्हा गरम तव्याजवळ हात नेताना ओठ आवळून घ्यायची. मी विचारले तर म्हणायची, "काही नाही रे, चरचरतं जरासं." तिने अख्खा काजू कधी खाल्ला असेल असे मला वाटत नाही. क्वचित पदराच्या गाठीत मूठभर तुकडा आणायची, तो आम्हा भावंडांसाठी.

हे सर्व मी सूनबाईला सांगावे की नाही, याचा दोन दिवस विचार केला. कष्टाने उभ्या केलेल्या कामाला नख लावणे माझ्या जिवावर आले होते. पण वर्गात तीस वर्षे मुलांना 'खरे बोला' म्हणून सांगितलेल्या माणसाला शेवटी गप्प बसवेना. एका रात्री ती गोळे उलटीत होती तेव्हा मी सांगितले. चिरंजीव मध्ये बसून भाषांतर करीत होते. आजीच्या बोटांपाशी आले तेव्हा त्यांचेही शब्द अडखळले, कारण हे त्यांनाही मी कधी सांगितले नव्हते.

सूनबाई काही बोलली नाही. माझे हात हातात घेऊन तिने पाहिले, जणू त्यांवरच आईची खूण असावी. आता यंत्रे आली आहेत, वाफेवर बी उकडतात, पूर्वीसारखे राहिलेले नाही, असे मी घाईघाईने म्हणालो. तिने विचारले, "सगळीकडे?" मला सगळीकडे म्हणता येईना.

दुसऱ्या दिवशी ती वेष्टणांचा गठ्ठा घेऊन बसली आणि तळाची ती ओळ एकेका वेष्टणावरून काळ्या शाईने खोडून टाकली. मी म्हटले, "अगं, एवढं नको होतं." ती म्हणाली, "बाबा, वासराला दुखवलेलं नाही हे खरं आहे. पण कुणालाच नाही, हे मला ठाऊक नव्हतं. ठाऊक नसताना लिहायला नको होतं." मग तिने काजू विकणाऱ्याला लांबलचक पत्र लिहिले : बिया कुठल्या, फोडतात कुठे, कुणाच्या हातांनी, आणि त्या हातांना काय मिळते? उत्तर आम्ही निघेपर्यंत आले नव्हते.

दिवाळीला व्याहीबुवा आले. ही बाब साधी नव्हती. सूनबाईच्या घरी ते येत, पण येताना स्वतःचे कामांबेर लाकडी डबीतून घेऊन येत. मुलीच्या कपाटाकडे पाहतही नसत. त्या दिवशी फराळाच्या ताटांत हिने, कुणालाही न विचारता, चकली आणि चिवड्याच्या मध्ये सुनेचा एक पांढरा गोळा कापून मांडला. टेबल एकदम गप्प झाले.

व्याहीबुवांनी आधी आपली बाजू मांडली. "तुम्हांला वाटतं मी गायींचा वैरी आहे," ते माझ्याकडे पाहून म्हणाले, कारण मुलीकडे पाहून म्हणणे त्यांना अवघड होते. "चाळीस वर्षं मी पाचला उठतो. प्रत्येक गाय मी नावाने ओळखतो. २०१५ मध्ये दुधाच्या उत्पादनावरची जुनी बंधनं उठली, भाव कोसळला. शेजारचे गोठे बंद झाले. आणि माझी मुलगी म्हणते, दूधच नको." मग क्षणभर थांबून म्हणाले, "यंदा जानेवारीत तर शास्त्रज्ञांनी सांगितलं, कामांबेरची पांढरी बुरशीच थकली आहे. वर्षानुवर्षं तिच्या एकाच वाणाच्या नकला काढल्या, आता तिला बीजच धरवत नाही."

बुरशीचे नाव निघताच सूनबाई नकळत बोलून गेली, "माझ्याकडेही ती फार हळू धरते, बाबा. नववा दिवस लागतो."

व्याहीबुवांनी सुरी उचलली. पातळ काप काढला, नाकाशी नेला, अंगठ्याने साल दाबून पाहिली आणि तोंडात टाकला. आम्ही चौघेही त्यांच्या जबड्याकडे पाहत होतो. बऱ्याच वेळाने ते म्हणाले, "हे कामांबेर नव्हे."

"नाहीच," सूनबाई म्हणाली.

"मीठ उशिरा लावतेस. आणि फार थंडीत ठेवतेस. सालीला श्वास घेऊ दे. फळी कसली आहे? पत्र्याची? मग कशी धरेल?" असे म्हणून त्यांनी दुसरा काप काढला.

गवळ्याने गवळ्याशी बोलावे तसे ते बोलत होते. माझ्या पत्नीला फ्रेंचचे अक्षर येत नाही. पण तिने पदराने डोळे टिपले ते अगदी योग्य क्षणी.

मग मी त्यांना आमच्या भाषेतली गंमत सांगितली. "मराठीत चीज हा शब्द फार जुना आहे. तुमच्या फ्रोमाजशी त्याचा संबंध नाही. कष्ट केले आणि ते फुकट गेले नाहीत, की आम्ही म्हणतो, कष्टाचं चीज झालं."

व्याहीबुवांनी ते दोनदा भाषांतर करून घेतले. मग म्हणाले, "तर मग दुधाला भाव मिळेपर्यंत माझं कामांबेर काही तुमच्या अर्थाचं चीज नव्हे." आणि मुलीकडे पाहून, "हिचं होईल कदाचित."

निघताना सूनबाईने एक गोळा कागदात गुंडाळून, वडिलांनी आणलेल्या कामांबेरच्या रिकाम्या लाकडी डबीत बसवून माझ्या हाती दिला. "आजींसाठी," ती मराठीत म्हणाली.

वेंगुर्ल्याला पोचल्यावर हिने आईच्या तसबिरीपुढे दिवा लावला आणि त्यातला एक काप पानावर ठेवला. वास घरभर पसरला. शेजारच्या काकू डोकावून म्हणाल्या, "अगो बाई, हा कसला नैवेद्य?"

ही म्हणाली, "काही नाही हो. काजूचा तुकडा आहे."